तुरीचा नमुना आणि उघडे घोटे

बिझनेस कॅज्युअल म्हणजे काय, हे मुलीने मला पोहे खाताना समजावून सांगितलं. पोहे संपले तरी मला ते समजलं नव्हतं.

तिच्यासाठी लातूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मूळचा तिथल्याच मुरुडचा, लातुरात शेतमालाच्या भावांचे अंदाज देणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. दोघं फोनवर बोलली होती आणि तिला तो आवडला होता. अडलं होतं ते माझ्यापाशी. मी नांदेडला बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेब बघतो. माल न बघता बिल पास करायची मला सवय नाही. मी उत्तर द्यायला वेळ लावत होतो म्हणून मुलाचे वडील आता दुसरी स्थळंही बघू लागले होते, आणि घरात माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं.

आमच्याकडे मुलगा खरा बघायचा तो कामाच्या जागी, त्याला न कळवता. घरी बघितलेला मुलगा पावडर लावून बसलेला असतो. माझे सासरेही मला तसेच बघून गेले होते. गोदाम भाड्याने आहे का, असं विचारत ते आमच्या ऑफिसात आले. आमच्याकडे गोदाम नव्हतं. तरी ते बराच वेळ बसले, आणि माझी नखं कापलेली आहेत एवढं बघून उठले.

"जा खुशाल, पप्पा," मुलगी म्हणाली. "पण त्यांच्या ऑफिसात बिझनेस कॅज्युअल असतं. कपडे बघून माघारी फिरू नका."

"म्हणजे काय असतं?"

"फॉर्मल आणि घरचे कपडे, यांच्या मधलं."

"मधलं म्हणजे नेमकं कुठं?"

तिने बशी बाजूला ठेवली. "कॉलर असते, टाय नसतो. पॅन्ट कडक इस्त्रीची नसते, पण चुरगळलेलीही नसते. शर्ट खोचला तरी चालतो, न्हाई खोचला तरी चालतो."

"दोन्ही चालतं, मग नियम कशाला केला?"

"नियम असा की, मुद्दाम काही घातलंय असं वाटलं न्हाई पाहिजे. पण घातलेलं मुद्दामच असतं."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जावई घालतात बघा, ते. आंघोळ झालीय एवढंच कळतं त्यातून."

ही व्याख्या मला त्यातल्या त्यात पटली.

मी मात्र नेहमीसारखाच निघालो. पांढरा शर्ट खोचलेला, तपकिरी पॅन्ट, पट्टा, खिशाला पेन. निमित्त म्हणून तुरीचा नमुना घेतला. मेहुण्याची मुदखेडला शेती आहे. त्याने दिलेल्या तुरीतली थोडी बायकोने डब्यातून काढून कॅरीबॅगेत बांधून दिली. या तुरीला काय भाव मिळेल असं विचारायचं, आणि विचारता विचारता मुलगा बघून घ्यायचा, असा बेत होता. ओळख पटवायला बायोडाट्यातला फोटो होता. स्टुडिओत काढलेल्या त्या फोटोत काळा कोट, लाल टाय आणि मागे धबधबा होता. चेहरा होता, पण त्याच्यावर फोटोग्राफरने इतकी मेहनत घेतली होती की तो कुणाचाही असू शकला असता.

लातूरच्या त्या ऑफिसात शिरलो आणि माझी पंचाईत झाली. आमच्या ऑफिसात कपड्यांवरून पगार सांगता येतो. इथे कुणाचाच सांगता येईना. साहेब कोण, कारकून कोण आणि पंखा दुरुस्त करायला आलेला कोण, काही पत्ता लागेना. सगळ्यांच्या अंगात कॉलरचे टी-शर्ट, नाहीतर बाहेर सोडलेले शर्ट. एक जण तर कॅनव्हासच्या बुटात मोज्यांशिवाय हिंडत होता. पॅन्टही घोट्याच्या चार बोटं वर. पहिल्या धुण्यातच आटली असावी. चांगल्या घरचा दिसतो, पण कापड घेताना फसला, असं मनात आलं.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर मात्र एक तरुण ताठ बसला होता. काळा कोट, लाल टाय. बुटात तोंड दिसावं असं पॉलिश. लातूरच्या उन्हाळ्यात हा मुलगा कोट घालून काम करतो, हे बघून मला गहिवरून आलं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"उकाडा लई हाय," मी म्हणालो.

"लई," तो म्हणाला, आणि माझ्या खोचलेल्या शर्टाकडे आदराने बघत सरकून बसला. "बसा नीट, काका."

"गावाकडं जाणं होतं का?"

"हाव, रोजचंच. शेती आहे ना आपली. पाण्याचीबी सोय आहे."

"तंबाखू, गुटखा?"

"आमच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात न्हाई, काका."

एवढी स्वच्छ उत्तरं मी कुठल्याही ऑडिटमध्ये ऐकली नाहीत. मग त्याने विचारलं, "तुमचं घर सोताचं का?"

"सोताचं. वर एक मजला चढवलाय."

"घरात कडक कोण?"

"कडक असं कुणी न्हाई. मी जरा हिशेबी आहे, पण मनाचा वाईट न्हाई."

तो समाधानाने हसला. मीही हसलो. मुलीला त्रास द्यायचा नाही, असा भाव मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मनातल्या मनात मी साखरपुड्याचं जेवण ठरवायला घेतलं होतं. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "मग तुमच्याकडून हो समजू का, काका? म्हणजे ताईला तसं सांगतो."

"कुणाच्या ताईला?"

"माझ्या. तुमच्या मुलासाठी आमच्या ताईचं स्थळ आलंय ना? मी किल्लारीहून आलो."

"मला मुलगा न्हाई," मी म्हणालो. "मला मुलगी आहे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग माझं लक्ष त्याच्या मांडीवरच्या कॅरीबॅगेकडे गेलं. तिच्यात तूर होती.

याच वेळी तो आटलेल्या पॅन्टवाला आमच्यापुढे येऊन उभा राहिला. "नमस्कार काका, नमस्कार भाऊ. दोघांचाबी नमुना बघू का?"

त्याने दोन्ही पिशव्या सोडल्या आणि दाणे तळहातावर घेऊन बघितले. मग माझ्या पिशवीतून एक वाळलेलं पान बाहेर काढलं. "काका, ह्यात कडुनिंबाचा पाला आहे. ही घरच्या डब्यातली तूर आहे, विकायची न्हाई." किल्लारीच्या पिशवीत त्याला लवंग सापडली. "ह्या महिन्यात तुरीचे नमुने लई येऊन राहिले," तो म्हणाला. "विकायला मात्र कुणी आणत न्हाई."

म्हणजे मुलगा हा होता. मी फोटो काढून त्याच्या तोंडाजवळ धरला. धबधबा सोडला तर जुळत होतं.

एवढ्या लांब आलो होतो, तेव्हा लाज बाजूला ठेवून मनातला प्रश्न विचारला. "तुम्ही मोजे का घालत न्हाई?"

"घालतो की, काका. बुटाच्या आत असतात. दिसत न्हाईत असेच मिळतात."

मी पुन्हा त्याच्या घोट्यांकडे बघितलं. माझा चेहरा त्याने वाचला असावा. तो सोफ्याच्या हातावर टेकला आणि त्याने बूट काढला. आत खरोखर मोजा होता. आखूड, पण स्वच्छ. किल्लारीचा तरुण टाय सावरत खाली वाकला, मीही वाकलो. कंपनीतली माणसं खुर्च्या वळवून बघू लागली.

"दुसरा?" मी म्हणालो.

त्याने दुसराही काढून दाखवला. एका पायावरून दोन्ही पाय धरून चालणं बरोबर नाही.

"आणि शर्ट का खोचत न्हाईत?" किल्लारीकराने विचारलं.

"आमच्या साहेबांचं पोट सुटलं. त्यांनी खोचायचं सोडलं, मग सगळ्यांनीच सोडलं," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "कंपनीचं धोरण नंतर आलं."

किल्लारीचा तरुण सरळ झाला. त्याने कोट ओढून नीट केला आणि माझ्याकडे वळला. "काका, मला तर माणूस पसंत आहे. खरं बोलतो, पायबी धुतलेले आहेत. घरी फोन करून आमचा हो कळवू का? का तुमचं आधी काही आहे?"

मी कुठल्याही गोष्टीचं उत्तर दुसऱ्या दिवशी देतो. आकडा रात्रभर ठेवला की त्यातली चूक वर येते. पण तो खिशातून फोन काढत होता, आणि मला घरातली गप्प माणसं आठवली.

"आमचं हो आहे," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. कुणीतरी टाळी वाजवली.

त्या भल्या माणसाने फोन परत खिशात ठेवला. "हरकत न्हाई. तुम्ही मोठे. तसंबी ताई म्हणलीच होती की टाय घालणारा पाहिजे." बस स्टँडपर्यंत आम्ही एकाच रिक्षाने गेलो. तूर आपसांत वाटून घेतली. त्याची दाण्याला बरी होती.

स्टँडवरून मी मुलीला फोन लावला. तिला सगळं ठाऊक होतं.

"तुम्ही येताय हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तुम्ही सोफ्यावर बसलात तेव्हाच त्यांचा मेसेज आला," ती म्हणाली. "तुमचे पप्पा दुसऱ्याचीच चौकशी करून राहिलेत, मध्ये पडू का, म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, थांबा जरा. तो पास होतो का बघू."

साखरपुडा नांदेडलाच झाला. मी नवी कोरी, कडक इस्त्रीची पॅन्ट घालून मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभा होतो. मुरुडची गाडी आली. माणसं उतरली, मी एकेकाला नमस्कार करत आत सोडत होतो. सगळे आत गेले तरी मी दारातच.

बायको बाहेर आली. "कुणाची वाट बघताय?"

"मुलाची."

"तो कवाचा आत जाऊन बसलाय. तुम्हीच त्याला आत सोडलं. काळा कोट, लाल टाय."

मी सगळ्यांचे घोटे बघत होतो.