गाळलेलं शेवटचं पान

जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आमच्या खालच्या मजल्यावर कझाकस्तानातून आलेल्या एक आजी राहायच्या. आजारपणात त्यांचं जर्मन पार पुसलं गेलं आणि उरली ती फक्त रशियन. त्यांच्या मुलीला ती जेमतेमच येई. मी पुण्यात दोन वर्षं रशियन शिकले होते. सर्टिफिकेट मिळालं आणि भाषा गेली, अशातली गत. पण विद्यार्थ्यांसाठीचं, टिपांसकटचं कथांचं पुस्तक तेवढं इथवर आणलं होतं. पानाखाली टिपा आणि ओळीओळीवर माझं पेन्सिलीतलं मराठी. दर शनिवारी मी त्यातून आजींना वाचून दाखवू लागले.

एक कथा म्हाताऱ्या नावाड्याची होती. शेवटच्या पानावर तो मरतो. आजारी माणसापुढे अभद्र बोलू नये, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. मी ते पान उलटलंच नाही. नावाडी घरी गेला, जेवला, झोपला, असं मोडक्या रशियनमध्ये रचून सांगितलं आणि पुस्तक मिटलं. वर स्वतःच्या शहाणपणावर खूशही झाले.

"ही कथा आम्हाला शाळेत होती," आजी म्हणाल्या. "तो मरतो."

"अहो आजी, असं कशाला..."

"मुलगी म्हणते, आलेस गूट, सगळं ठीक आहे, आई. डॉक्टरही तेच म्हणतो. आता तूही. मग मरणाबद्दल मी बोलू तरी कुणाशी?"

मला फार लाज वाटली. ते पान मी टिपांसकट वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता लिही." टिपांखालच्या कोऱ्या जागेत मी मराठीतच लिहून घेतलं, रशियन लिहायला मला युगं लागतात. काळा नको, निळा झगा. भाषणं नकोत. नवऱ्याशेजारी पुरू नका. "चाळीस वर्षं त्याचं घोरणं ऐकलं, पुरे झालं!" आम्ही दोघी हसलो, आणि मला रडूही आलं. मुलीला एवढ्यात सांगू नको, ती रडत बसेल, असंही त्यांनी बजावलं.

तीन आठवड्यांनी आजी गेल्या. मी खाली गेले तेव्हा मुलगी दफनभूमीच्या ऑफिसशी फोनवर बोलत होती. "हो, गेनाऊ, अगदी बरोबर, वडिलांच्या शेजारी. आईची तीच इच्छा असणार."

मी धावत वर जाऊन पुस्तक आणलं आणि तिच्यापुढे उघडलं. "फोन ठेव," म्हटलं. "आई काय म्हणाली, ते वाचून दाखवते."