अख्ख्या गावाचा एकच सायलेन्सर

आमच्या बाबांना खोटं बोलता येत नसे. बाहेरचे लोक हे कौतुकाने सांगत. त्यांचं काय जातं! निस्तरायला आम्ही होतो. हायस्कूलात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस भिवंडीत राहणार आणि कागदावर खोटा आकडा चालवून घेणार नाही, हा काय ताप असतो ते आईला आणि मला विचारा.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. गाड्यांना पीयूसी, म्हणजे धुराचा दाखला, सक्तीचा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमची गाडी विलायती, माझ्या जन्माआधीची, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाच्या रंगाची. बनवणारी कंपनी कधीच बुडाली, गाडी मात्र बंद पडायचं नाव घेत नव्हती. तिच्या नोंदणीची मुदत संपली. ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची तर आरटीओत इतर कागदांबरोबर हा दाखलाही हवा होता. आणि नोंदणी होईपर्यंत बाबा गाडी चालवणार नाहीत. गावात निम्म्या गाड्या बिनकागदाच्या धावत होत्या, पण आमचे बाबा पडले हरिश्चंद्राचे सख्खे भाऊ.

खरं तर प्रश्न गाडीचा नव्हताच, आईचा होता. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी रिक्षा आणि एसटी दोन्ही बंद केली होती. आमच्या रस्त्यांवर रिक्षात बसायचं म्हणजे धडधाकट माणसाचेही टाके उसवायचे. तिला बसवत होतं ते एकाच जागी, ह्या गाडीच्या मागच्या सीटवर. आणि तिकडे पडघ्याला तिची धाकटी बहीण, माझी मावशी, अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेली. दर आठवड्याला कोणी ना कोणी निरोप घेऊन यायचं, ताईला आणा, मला ताईला बघायचंय. मावशीचे डॉक्टर म्हणाले होते, आज माणसं ओळखते आहे, पुढचं सांगता येत नाही.

मी म्हटलं, "कल्याणहून भाड्याची गाडी सांगते. पडघं काय विलायतेत आहे?"

आई म्हणाली, "दारात गाडी असताना भाड्याच्या गाडीने गेले तर ह्यांना काय वाटेल?"

ह्यांना काय वाटेल! आईचं सगळं आयुष्य ह्या तीन शब्दांत गेलं. मला इतका राग आला की मी दोन दिवस दोघांशी धड बोलले नाही. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

धुराची तपासणी व्हायची ती कोन गावाच्या अलीकडे एका पत्र्याच्या टपरीत. आता गाडी चालवायची नाही तर न्यायची कशी? बाबांनी ओळखीच्या लूमवाल्याचा कापडाचे तागे वाहणारा टेम्पो मागवला आणि त्याला दोर बांधून गाडी ओढत नेली. मी सुट्टी काढून गाडीत बाबांच्या शेजारी. पुढे तो टेम्पो असा काळा धूर ओकत होता की अख्ख्या रस्त्यात मला त्याचा नंबर दिसला नाही. टेम्पोच्या पुढच्या काचेवर मात्र, दोर बांधतानाच मी बघितलं होतं, दाखल्याची हिरवी चिकटपट्टी झळकत होती. आणि आमची गाडी निघाली होती त्याच्या मागे, धुराची परीक्षा द्यायला!

टपरीवाल्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. "नंबर सांगा सर," म्हणाला आणि पावतीपुस्तक उघडलं. टपरीपाशी त्याची स्वतःची नवीकोरी पांढरी गाडी उभी होती आणि मशीनची नळी तिच्या सायलेन्सरमध्ये खुपसलेली होती, कायमची. गिऱ्हाईक आलं की हा तिचं इंजिन चालू करायचा, आकडा यायचा एक पूर्णांक एक, आणि तो आकडा समोरच्याच्या नावावर लिहायचा. ट्रक येवो, जीप येवो, आजारी म्हशीसारखी धापा टाकणारी टॅक्सी येवो, एक पूर्णांक एक. डिझेलचा धूर वेगळ्या मशीनवर मोजतात म्हणे, पण तेवढ्या भानगडीत पडतो कोण? अख्खी भिवंडी त्या एका गाडीच्या जिवावर पास होत होती.

बाबा म्हणाले, "नळी माझ्या गाडीला लावा."

"कशाला सर? जुनी गाडी आहे, उगाच फेल होईल."

"फेल होईल तर होऊ दे. मी मुलांना असेच मार्क वाटत होतो का?"

टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली. बरं, नळी काढायची तर त्याला ती निघेना, इतक्या दिवसांची बसलेली. शेवटी ओढून काढली, आमच्या गाडीला लावली आणि मशीनने आकडा दाखवला पाच पूर्णांक आठ. मर्यादा तीनची. टपरीवाला हळहळला. बाबांचा चेहरा मात्र असा खुलला, जणू कोणी त्यांना बक्षीस दिलंय. "बघ," मला म्हणाले, "मशीन चांगलं आहे!"

मशीन चांगलं आहे. आई घरी खिडकीत बसली होती.

गाडी मग गेली आमच्या नेहमीच्या चाचांकडे. चाचा कोकणी मुसलमान, सत्तरीचे, लूमच्या कारखान्यांमधल्या एका बोळात त्यांचं गॅरेज. दिवसभर आजूबाजूला खटाखट खटाखट, त्यामुळे चाचा कायम ओरडूनच बोलत. त्यांनी बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरचा डबा उचकटला आणि आतून कापसाचा एक पांढरा गोळा ओढून काढला. मग आणखी एक. मग आणखी.

"मास्तर!" चाचा ओरडले. "ये देखो! यात उशी भरेल उशी! गाडीने दम कसा घ्यायचा?"

लूममधून उडणारे कापसाचे तंतू. आमच्या गावात ते भातावर पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात, माणसांच्या छातीत बसतात, ते आमच्या गाडीच्याही छातीत बसले होते. म्हणजे बघा मजा. गावाने गाडीचा गळा दाबला, आणि मी गाव घाण करत नाही असा दाखला द्यायचा कोणी, तर गाडीने!

फिल्टर साफ केल्यावर आकडा आला चार पूर्णांक दोन. चाचांनी प्लग बदलले, तीन पूर्णांक सहा. आता कार्बुरेटरची सुई झिजलेली, ती जगात कुठे मिळत नव्हती. लूमचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याने ती घडवून द्यायचं कबूल केलं आणि तीन वेळा चुकीची घडवली. प्रत्येक वेळी टेम्पो, दोर, टपरी. टपरीवाला आम्हाला लांबून बघितलं की पांढऱ्या गाडीतली नळी आपणहून काढून ठेवायला लागला. ह्यात दोन महिने गेले. निरोप येतच होते. मग ते कमी झाले, आणि कमी झाले ह्याचा अर्थ मला कळत होता. मी बाबांना म्हटलं, "तुमच्या खरेपणाचं पुरे झालं आता, आईचं बघा." ते म्हणाले, "अजून फक्त अर्ध्या पॉइंटचा प्रश्न आहे." आई म्हणाली, "असू दे गं." मी दोघांपुढे हात टेकले.

शेवटी चौथी सुई बरोबर बसली आणि एका दुपारी आकडा आला दोन पूर्णांक आठ. पास! त्या दिवशी चाचाही बरोबर आले होते, त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना चहा पाजला. टपरीवाल्याने स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच आयुष्यात खरा दाखला लिहिला, आणि लिहिताना त्याचा हात चक्क अडखळला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी गाडी ओढत घेऊन आरटीओत. साहेबाने गाडीभोवती एक फेरी मारली, कागद चाळले आणि दाखल्यापाशी थांबला.

"हे काय? दोन पूर्णांक आठ? भिवंडीच्या सगळ्या गाड्यांना एक पूर्णांक एक येतो. तुमचा एकट्याचा कसा वेगळा?"

"कारण माझा खरा आहे," बाबा म्हणाले.

"मास्तर, आम्ही रोज शेकड्याने दाखले बघतो. बनावट दाखला आम्हाला कळतो. नीट करून आणा."

बाबांनी तिथे उभ्या उभ्या त्याला कार्बन मोनॉक्साइड शिकवायला सुरुवात केली. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी साहेबाला दारातूनच चार शब्द सुनावले. त्याने पंखा वाढवायला सांगितला.

घरी येऊन बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. पाणीसुद्धा घेईनात. आई हळूहळू भिंतीला धरून उठली, कपाट उघडलं, साड्यांच्या खालच्या वर्तमानपत्राखालून एक कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. आमच्याच गाडीचा नंबर. एक पूर्णांक एक. तारीख आमच्या पहिल्या नापासाच्या दुसऱ्या दिवसाची. शेजारच्या मुसलमान बाईंच्या, आम्ही त्यांना खाला म्हणायचो, ड्रायव्हरकरवी तिने तो तेव्हाच आणून ठेवला होता. दोन महिने.

बाबा तारखेकडे बघत राहिले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फाडला असता."

"फाडला असता," बाबा म्हणाले, कारण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबाने तो कागद बघितला आणि तारीख न वाचताच खूश झाला. "बघा मास्तर, मनावर घेऊन दुरुस्ती केलीत तर कसा फरक पडतो!" शिक्का बसला. बाबांनी मान खाली घालून "हो" म्हटलं. आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच असं बघितलं आणि तेव्हा मात्र मला त्यांची दया आली.

रविवारी आम्ही पडघ्याला निघालो. चाचांची करामत खरी, गाडी नुसती पाण्यासारखी चालली होती. नाशिक रस्त्याला ट्रक आमच्या तोंडावर काळे ढग सोडत पुढे जात होते, आणि आई मागच्या सीटवर मांडीवर केळी आणि मावशीसाठी घेतलेलं मऊ लुगडं धरून सरळ बसली होती.

मावशी ओटीवरच्या खाटेवर होती. आई तिच्याशेजारी टेकली, तिचा लुळा हात हातात घेतला. मावशीने तिच्याकडे नीट बघितलं, मग सुनेकडे मान फिरवून विचारलं, "या बाई कोन हायत?"

"मी गं," आई म्हणाली, "ताई."

मावशीने मान हलवली. "न्हाय. ताई येनार हाय माजी. तिची गाडी परीक्षेत नापास होतेय सारखी. पास झाली का येनार हाय."

बाबा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं.