मागच्या सीटवरचा मालक

आमच्या वाडीतली पहिली मोटरसायकल सटवाची. आणि मला सोडलं तर वाडीतल्या गड्यांमध्ये मोटरसायकल न चालवणारा पुढं एकटाच उरला, तोही सटवाच.

वाडी दिंद्रुडहून धारूरकडं जाताना लागते, डोंगर जवळ यायला लागतात तिथं. मी तिथल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दोन्ही वेळचं दूध मापून घ्यायचं, त्याची फॅट तपासायची, कॅन टेम्पोत चढवून द्यायचे, हे माझं काम. सटवा दूध घेऊन यायचा तो बैलगाडीतनं, बहुतेक वेळा गाडीत उताणा पडून आभाळाकडं बघत. कासरा सैल पडलेला असायचा. बैल आपले आपण ओढा उतरायचे, वळण घ्यायचे आणि सोसायटीच्या दारात येऊन उभे राहायचे. मग हा उठून बसायचा. लोकांना वाटायचं, झोपला होता. डोळे मात्र टक्क उघडे असायचे.

"कुठं गेलतास बे?" मी विचारायचो.

"हितंच व्हतो की," म्हणायचा, आणि चरवी उचलायला विसरून तसाच हसत राहायचा.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सभासदांसाठी सोडत काढली. पहिलं बक्षीस मोटरसायकल, शंभर सीसीची, काळ्या रंगाची, टाकीवर लाल पट्टा. नंबर सटवाचा निघाला आणि सटवा मांडवात नव्हता. शोधायला माणूस धाडला, तर हा विहिरीवर बसून सुगरणींची घरटी बघत होता. त्याला वाटलं, दुधात काहीतरी खोट निघाली म्हणून बोलावलंय. हातात किल्ली दिली तरी त्याला उमजेना. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीवर त्यानं पंजा ठेवला आणि पटकन काढला.

"अंग लई तापलंय हिचं," म्हणाला. "सावलीला घ्या आदी."

दिंद्रुडला धर्मराज नावाचा मिस्तरी होता. त्यानं सटवाला क्लच, गिअर, ब्रेक समजावून दिले. चार दिवसांत सटवा एकटा जायला लागला. थंडीचे दिवस होते. एका सकाळी तो रस्त्यानं चालला असताना वरून करकोच्यांची रांग आली, माजलगावच्या धरणाकडं निघालेली, लांबच लांब, मध्येच वाकणारी, परत सरळ होणारी. सटवानं मान वर केली ती केलीच. रस्ता डावीकडं वळला. गाडी वळली नाही. ती सरळ कापसाच्या रानात शिरली आणि पऱ्हाट्यांनी तिला हळूच आडवं पाडलं. माणसं धावत गेली, तर सटवा अंगावर कापूस घेऊन सरीत बसलेला, नजर अजून वरच. करकोचे दिसेनासे झाल्यावर त्यानं कपडे झटकले.

संध्याकाळी सोसायटीत येऊन मला म्हणाला, "शेक्रेटरी, बैलाला वाट ठावं असती. हिला म्याच सांगावं लागतंय. आन् मी जाग्यावर नसतो."

त्या दिवसापासून त्यानं हँडलला हात लावला नाही.

दुसऱ्या कुणी गाडी विकून टाकली असती. सटवानं ती ठेवली, आणि नियम एकच केला. कुणाला लागली तर खुशाल न्यावी, पण मागं त्याला बसवून. कुणाला लग्नाचं सांगायला जायचं असायचं, कुणाला दवाखान्यात, कुणाला धारूरच्या बाजाराला. सटवा मागं बसायचा, दोन्ही हात मांडीवर, आणि गाडी निघाली की त्याचा चेहरा बैलगाडीत असायचा तसा होऊन जायचा. जिथं जायचं तिथलं काम ज्याचं त्याचं. हा गाडीपाशी थांबायचा. परत आला की रात्री जेवताना बायकोला सगळं सांगायचा. घाटात सीताफळीला कसा बहर आलाय, किल्ल्याच्या तटावर चढलं की खालचं रान कसं गोधडीसारखं दिसतं, तेलगावच्या उसात वारा शिरला की पाण्यासारखा आवाज कसा येतो.

गाडीचं सगळं मात्र तोच बघायचा. धर्मराजच्या दुकानात तासन् तास बसून त्यानं बघून बघून शिकून घेतलं होतं. निंबाखाली गोणपाट अंथरायचा, प्लग काढायचा, काजळी काचपेपरनं घासायचा. आमच्याकडं धूळ फार, म्हणून फिल्टर काढून तळहातावर आपटून आपटून झटकायचा. चेन रॉकेलनं धुवायची, ऊन दाखवायचं, मग तेल द्यायचं. इंजिनातलं जुनं ऑइल तो फेकत नसे. ते बैलगाडीच्या आखाला आणि दाराच्या बिजागरीला जायचं. त्या घराचं दार वाजत नसे.

त्याची बायको चतुरावहिनी हे सगळं जात्यावर बसून बघायच्या. त्या गाडीवर कधीच बसल्या नव्हत्या. चालवणारा परका गडी, मधे नवरा, आणि शेवटी आपण, असं तिघांनी जाणं त्यांना पटेना. "गाडी आमची, आन् हवा गावाला," असं त्या एकदा माझ्यापाशी म्हणाल्या होत्या. रागानं नव्हे. जे आहे ते सांगितलं.

असं बरीच वर्षं चाललं. मग तो दुष्काळ आला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. गावचं तळं आटलं, विहिरींचे तळ दिसले, टँकर आला की घागरी वाजायच्या. माझ्या सोसायटीत कॅन भरेनात. शेवटी तर एकाच कॅनमध्ये सगळ्या वाडीचं दूध मावायला लागलं. उसतोडीला गेलेली पोरं परत आली नाहीत, पुण्याकडं कामाला राहिली. त्यामुळं झालं असं, की गाडी चालवणारा गडी वाडीत हुडकून सापडेना. मला सायकलच यायची.

तेलगावच्या पुढं एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. सटवा आपले बैल आणि दोन म्हशी घेऊन तिकडं गेला. जाताना वहिनींना एवढंच म्हणाला, "रोज सांजच्याला एकदा किक मारून गाडी चालू करत जा. उभ्या गाडीची बॅटरी उतरती."

वहिनी किक मारायला लागल्या. आधी पाय घसरायचा. मग जमलं. गाडी चालू झाली की ती बंद पडू नये म्हणून त्यांना सीटवर बसून मूठ जराशी पिळून धरावी लागे. दिवस मावळताना मी सोसायटीला कुलूप लावून निघालो की त्या अंगणात तशा बसलेल्या दिसायच्या, गाडी जागच्या जागी चालू, निंबाची पानगळ चाललेली, आणि वहिनी समोर बघत. अंगणापुढं बघण्यासारखं काहीच नव्हतं. नुसतं पडीक रान आणि त्याच्या पलीकडं डोंगर.

भाकरी छावणीत पोचवायची म्हणजे जाणारा-येणारा गाठावा लागे. कधी ट्रॅक्टर मिळायचा, कधी कडब्याचा टेम्पो. एकदा दोन दिवस कुणीच मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सोसायटीत आल्या.

"भावजी, जरा तळ्यावर या. पोरंसोरं मधी येऊ देऊ नका, एवढंच काम हाय."

"कावून?"

"या तर खरं."

गावचं तळं म्हणजे तेव्हा नुसतं मैदान. गाळ वाळून, भेगाळून, टणक झालेला. वरून पांढरट, चकाकणारा, या काठापासून त्या काठापर्यंत सपाट. वहिनींनी गाडी ढकलत तिथं आणली होती. काष्टा घट्ट मारला होता, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी किक मारली, क्लच दाबला, पायानं गिअर पुढं दाबला, आणि गाडी एक गचका देऊन बंद पडली.

"क्लच हळू सोडा, वहिनी," मी ओरडलो.

"तुमाला येती का?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या."

कितीदा बंद पडली सांगता येणार नाही. एकदा त्या गाडीसकट आडव्याही झाल्या. मी धावलो तोवर उठून त्यांनी आधी गाडीचा आरसा फुटला का ते बघितलं. दुसऱ्या दिवशी गाडी चालायला लागली. आठवडा सरेपर्यंत त्या तळ्याच्या पोटात मोठमोठी वर्तुळं घेत होत्या. मी बांधावर बसून बघायचो. जिथं पोहायला शिकलो, त्याच जागी एक लुगडं नेसलेली बाई काळ्या गाडीवर चाललीय, मागं पिठासारखी धूळ उठतेय आणि वाऱ्यावर पडत पडत परत तळ्यातच बसतेय. गाडीचा आवाज कधी जवळ, कधी लांब. काठावर म्हशी नाहीत, बगळे नाहीत, पाण्याचा वास नाही. मला वाटायचं, आपण हे जागेपणी बघतोय का?

एका सकाळी त्या भाकरीचं गठुडं हँडलला बांधून छावणीकडं निघाल्या. तिथं काय झालं, ते मला सटवानंच नंतर सांगितलं.

तो म्हशींना उसाचं वाढं टाकत होता. लांबून आवाज आला आणि त्याचा हात थांबला. शेजारच्या गड्याला म्हणाला, "आमची गाडी आली. चेन ढिली झालीया." मग कोण घेऊन आलं म्हणून रस्त्याकडं बघायला लागला. छावणीतली सगळी माणसं उभी राहून बघायला लागली होती. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. वहिनी उतरल्या, स्टँड लावला.

सटवानं हातातलं वाढं खाली टाकलं. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूला पडल्याचा ओरखडा होता, त्यावर बोट फिरवलं. गाडीच्या बाजूच्या खोक्यातनं फडक्यात गुंडाळलेला पाना काढला, मागच्या चाकाचा नट सैल केला, चेन ताणली, बोटानं दाबून बघितली, नट आवळला. हात मातीत घोळून पुसले. मग मागच्या सीटवर जाऊन बसला.

"चल."

"अवो, कुठं? भाकरी तर खावा."

"वाटंनं खाऊ. तुला कुठं जायचंय?"

वहिनींना विचार करावा लागला नाही. "धारूरला. किल्ला किल्ला म्हणून इतकी वर्सं सांगताय, खरं हाय का बगायचंय."

जनावरं शेजाऱ्याच्या हवाली करून ती दोघं निघाली. घाटात झाडं उघडी झाली होती, सगळा डोंगर जनावराच्या पाठीसारखा पिवळा. वहिनींची नजर रस्त्यावरच, जरासुद्धा इकडं तिकडं नाही. त्यामुळं बघायचं काम सटवाकडं. तो मागनं सांगत राहिला.

"उजव्या अंगाला मोर हाय. बसलाय. आता मान वळवली त्यानं."

"बरं."

"खालच्या अंगाला एकच पळस हाय, पेटल्यावानी."

"बरं. वळण हाय, गप बसा."

गप बसायचा. वळण सरलं की परत सुरू. किल्ल्यापाशी गाडी लावून ती दोघं तटावर चढली. खाली सगळी रानं उघडी पडलेली, हिरवं काही नाही. पण बांधाबांधांनी तुकडे जोडलेले, काही काळे, काही तांबडे, काही राखाडी. वहिनी खूप वेळ उभ्या होत्या.

"गोधडी म्हणला व्हता तुमी," त्या म्हणाल्या. "हाय खरी. धुऊन इटलेली हाय, पर हाय." मग त्यांनी भाकरीचं गठुडं सोडलं, आणि दोघांनी तटावरच बसून खाल्लं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. जनावरं घरी आली, कॅन परत भरायला लागले. वरच्या दोन वस्त्यांचं दूध सोसायटीपर्यंत येत नव्हतं, वाट वाईट म्हणून. वहिनींनी ते गाडीवरनं आणायचं धरलं. दोन्ही बाजूंना कॅन, मागं सटवा, त्याच्या मांडीवर छोटी चरवी. संचालक मंडळात थोडी कुजबुज झाली. बाईमाणसानं गाडीवर दूध आणावं का, वगैरे. दूध वाढलं तशी कुजबुज थांबली. पुढच्या निवडणुकीत वहिनी मंडळावर आल्या. बैठकीला त्या आत बसायच्या आणि सटवा बाहेर गाडी पुसत बसायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे, आणि त्यालाही नाही.

गाडी आता म्हातारी झालीय. मागच्या उन्हाळ्यात निळा धूर सोडायला लागली, ऑइल प्यायला लागली. धर्मराज म्हणाला, नवी घ्या. सटवानं नकाराची मान हलवली. मग धर्मराजनं इंजिन उतरवलं, ब्लॉक बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. गाडी परत देताना वहिनींना बजावलं, "पहिले काही दिवस हळू चालवा. पळवायची न्हाई. इंजिन बसू द्या."

त्याच आठवड्यात वहिनींच्या बहिणीकडं, केसरबाईकडं, माजलगावच्या बाजूला वास्तुशांत होती. ती दोघं सकाळी निघाली आणि बैलगाडीच्या चालीनं गेली. ट्रॅक्टर मागनं आले नि पुढं गेले. एसटी गेली. सायकलवाल्यानंसुद्धा मागं टाकलं म्हणे, आणि वळून विचारलं, काय बिघडलंय का? वहिनी म्हणाल्या, काय बी न्हाई. इतक्या हळू चालल्यावर त्यांना रस्त्यासोबत बाकीचंही दिसायला लागलं. कालव्याला पाणी होतं. बायका करडई काढत होत्या. एका ठिकाणी गाडी आपसूक थांबली. सटवानं विचारलं, बंद पडली का? वहिनींनी थांबवली होती. कालव्याच्या पाण्यात भिंगऱ्या चोच बुडवून वर उठत होत्या, परत येत होत्या, त्या बघायला.

केसरबाईकडं पोचायला त्यांना दुपार झाली. जेवणं उरकली होती. उरलेल्या पुरणपोळ्या दोघांना एका ताटात वाढल्या. उशीर कावून झाला, असं जो तो विचारत होता, आणि दोघंही इंजिनाकडं बोट दाखवत होती.