अप्पांचं विमान आणि शेजारची रॅम

जुन्या कॉम्प्युटरच्या वायरी घरात कशा साठत जातात! कशाच्या आहेत ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीतले किस्से तसेच साठलेत. चार मराठी माणसं लिफ्टपाशी भेटली की एक तरी बाहेर निघतोच.

मेट्रो नुकतीच आमच्यापर्यंत आली होती आणि घरोघरी कॉम्प्युटर येत होते. मी गुडगावला एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टचं काम करायचे. त्यामुळे जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न यायचा, "गेम खेळायला रॅम किती लागते हो?"

माझं उत्तर ठरलेलं. आधी काय खेळता ते सांगा! पत्ते खेळत असाल तर एकशे अठ्ठावीस एमबी डोक्यावरून पाणी. गाड्या पळवत असाल तर दोनशे छप्पन्न. विमान उडवायचं असेल तर पाचशे बारा. त्याच्या वरची सगळी रॅम शेजाऱ्यांना सांगण्यासाठी असते.

* * *

पण गेम खेळतो हे कबूल कोण करणार? खालच्या मजल्यावरचे सलीमभाऊ इनामदार मूळचे सांगलीचे, फरीदाबादच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे. त्यांनी चांगली पाचशे बाराची रॅम टाकून घेतली.

"अकाउंट्सचं काम घरी आणावं लागतं हो," ते म्हणाले.

मी कॉम्प्युटर बघायला गेले, तर टेबलाला गाडीचं स्टिअरिंग घट्ट बसवलेलं! खाली पायाशी ब्रेकसुद्धा!

"सलीमभाऊ, हे कशाला?"

ते जराही गडबडले नाहीत. "अहो, आमच्या मालकांची बॅलन्स शीट सरळ कुठे असते? वळवावी लागते!"

* * *

इनामदारांकडे पाचशे बारा आहे म्हटल्यावर समोरच्या पाटणकर वहिनींनी एक जीबी घेतली. पाचशे बाराच्या दोन पट्ट्या! आणि वहिनी खेळायच्या काय? एकटीने लावायचे ते पत्ते!

मी कपाळाला हात लावला. "वहिनी, पत्त्यांना एवढी मेमरी कशाला?"

"तुला नाही कळायचं. आता हरले तरी पटकन हरते!"

* * *

आता आमच्या घरातलं. माझे सासरे, अप्पा, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. करोल बागेतलं घर सोडून आमच्याकडे राहायला आले. त्यांची थोरली बहीण, आक्का, पुण्याला. तिची पंच्याहत्तरी जवळ आली होती आणि ती फोनवर रोज एकच विचारायची, "तू येतोयस ना रे?"

अप्पांचे गुडघे पार गेलेले. गाडीचा दिवसभराचा, रात्रभराचा प्रवास शक्यच नव्हता. विमानाने जायला मात्र ते तयार नव्हते. आमच्या गच्चीवरून दिवसभर विमानं जायची. अप्पा मान वर करून बघायचे आणि घरात यायचे. ते घाबरत होते. तसं म्हणायची मात्र कुणाची हिंमत नव्हती.

"जे यंत्र मला उतरवता येत नाही, त्यात मी चढणार नाही," हे त्यांचं अधिकृत म्हणणं.

माझा नवरा मिलिंद भलताच मनावर घेणारा. त्याने विमान उडवायचा गेम आणला. "घ्या अप्पा, उतरवा!"

अप्पा महिनाभरात तरबेज झाले. विमान उडायचं झकास, वळायचं झकास. पण उतरताना खाली गावं, रस्ते, धावपट्टी दिसायला लागली, की आमच्या दोनशे छप्पन्नचा जीव जायचा आणि विमान हवेतच थांबायचं! एकदम स्तब्ध!

अप्पा खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बघितलंस? म्हणून मी जात नाही!"

* * *

मग अप्पांना घेऊन मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदाराने दोनशे छप्पन्नचीच आणखी एक पट्टी पुढे केली.

"अंकलजी, इतनी काफ़ी है।"

"काफ़ी मतलब कितनी?"

"मतलब... काफ़ी है जी!"

अप्पा तिथूनच मागे फिरले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "लक्षात ठेव. जो काफी म्हणतो ना, त्याला माहीत नसतं."

* * *

तेव्हा मी ठरवलं, आधी शेजारची लावून बघायची, मग विकत घ्यायची. मिक्सरचं भांडं मागतो तशी मी रॅम मागितली. रविवारी सकाळी सलीमभाऊ आपली पट्टी रुमालात गुंडाळून घेऊन आले. वहिनींनी दोन पट्ट्या डब्यात घालून आणल्या. डबा उघडते तो काय, वर चकल्या!

"अहो वहिनी!"

"अगं, डबा अर्धा रिकामा कसा आणायचा? बरं दिसतं का ते?"

मी रॅमवरचा चुरा झटकला, पट्ट्यांच्या कडेचे पिवळे दात खोडरबराने घासून कोरडे केले. आमच्या कॉम्प्युटरला खाचा दोनच, पट्ट्या तीन! वहिनींच्या दोन्ही लावायला घेतल्या, तर सलीमभाऊंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी उगीच आलो काय?" मग दोघांची एकेक लावली. नुसती पाचशे बारा पुरली असती हे मी आजही छातीठोकपणे सांगते, पण शेजाऱ्यांशी संबंध ठेवायचे असतात.

अप्पा बसले. मागे आम्ही सगळे. खाली गावं आली, रस्ते आले, धावपट्टी आली. विमान थांबलं नाही. कुणी चकली मोडायलाही तयार नव्हतं. विमान टेकलं, उसळलं, घसरत जाऊन बाजूच्या गवतात उभं राहिलं.

"अप्पा, ते गवतात गेलंय!" सलीमभाऊ म्हणाले.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "उतरलं की नाही? मिलिंद, तिकिटं काढ."

मला रडू आलं, खरंच सांगते. आक्काला फोन मीच केला.

* * *

विमानात अप्पा खिडकीशी, मधे मी, कडेला मिलिंद. विमान उडताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाकली. मग ढग लागले तसा हात सुटला. पुणं जवळ आलं, खाली गावं दिसायला लागली, रस्ते दिसायला लागले आणि अप्पा ताठ बसले. पट्टे बघायला आलेल्या हवाई सुंदरीला त्यांनी थांबवलं.

"बेटा, ज़रा पायलट साहब से पूछना, इसमें रॅम कितनी है?"

मिलिंदने डोळे मिटून घेतले. पोरगी मोठी गोड. हसली नाही. पुढे गेली, परत आली आणि अदबीने म्हणाली, "सर, कॅप्टन कह रहे हैं, काफ़ी है।"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा नीट केला आणि पट्ट्याच्या बकलावर हात ठेवला.

"तुम्ही दोघं जरा गुडघे आत घ्या," ते म्हणाले. "हँग झालं, तर मला पुढे जावं लागेल."