शिलेखालचं मीठ

पाळकांनी माईक ओठांजवळ नेला आणि त्यांची मान झटक्यात मागं गेली. अंग थरथरलं. डोळे मिटले. मंडळीतून मोठ्यानं "आमेन" आलं. पुढच्या बाकावरच्या दोन बायका रडायला लागल्या.

मी शेवटच्या बाकावर होतो. माझ्या तोंडून आमेन आलं नाही. "अर्थिंग," एवढंच आलं.

बायकोनं कोपर मारलं. "रविवारी तरी धंदा बाजूला ठेवा की."

माझा धंदा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा. शिवाजी पेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि भिंतीवर सरकारी लायसन्स. जन्मानं ख्रिस्ती, त्यामुळं चर्चचे पंखे, ट्यूबा आणि नाताळचा तारा माझ्याकडंच असायचा. माईक मात्र माझ्याकडं नव्हता. तो सेक्रेटरी रणभिसे सरांनी परस्पर आणला होता. पेठेतल्याच एका मंडपवाल्यानं फुटबॉलच्या सामन्यांना कॉमेंट्रीसाठी वापरून वापरून टाकून दिलेला अँप्लिफायर होता तो. पावसात भिजलेला, पत्र्याच्या बॉडीचा, वजनानं लहान रेड्याएवढा.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. चर्चचा सुवर्णमहोत्सव नुकताच झाला होता. आमचे पाळक नगरकडचे, चाळिशीचे, मनानं सरळ. त्यांना एकच सवय होती. कशातूनही बोध काढायचे. कुकरची शिट्टी झाली की मनातली वाफ देवापाशी मोकळी करा. सायकल पंक्चर झाली की पाप बारीक असतं पण चाक बसवतं. रणभिसे सर निवृत्त हेडमास्तर. ते हे सगळं खडूनं फळ्यावर लिहायचे, वर "आजचा बोध" असा मथळा देऊन. रंकाळ्यावरच्या भेळेतूनसुद्धा एकदा बोध निघाला होता. त्या रविवारी घरी जाताना अर्धी मंडळी भेळ खायला गेली, म्हणजे परिणाम झाला म्हणायचा.

तर अशा माणसाला माईकमधून झटका बसला. बोध निघाल्याशिवाय कसा राहील? पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं, की आज मला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. दुसऱ्या रविवारी, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला आलेल्या दोघांना स्पर्श झाला. तिसऱ्या रविवारी बाक पुरले नाहीत. शिरोळकडून ट्रॅक्स भरून माणसं आली.

ज्यांना स्पर्श होत नव्हता त्यांची पंचाईत झाली. त्यात पहिले रणभिसे सर. ते दर रविवारी माईकवर सूचना वाचायचे, आणि त्यांना काहीच व्हायचं नाही. कुजबुज सुरू झाली.

"सरांचं कायतरी चुकतंय," चर्चचा शिपाई बापू मला म्हणाला. "आत कुठंतरी पाप असणार. एवढा माईक तोंडाला लावत्यात, एक केस हलत न्हाय."

त्या तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर मी टेस्टर माईकच्या जाळीला लावला. दिवा लागला. मग दुकानातून मीटर आणून बघितलं. काटा नव्वद व्होल्टच्या पुढं गेला. अँप्लिफायरचा प्लग काढला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन कुणीतरी करवतीनं कापलेली.

ही जाड पिन म्हणजे अर्थिंग. सोप्यात सांगतो. मशीनच्या आत वीज असते, बाहेर पत्रा असतो. आतली वीज कधीकधी पत्र्यात झिरपते. त्या झिरपलेल्या विजेला जमिनीत न्यायला एक वेगळी वायर ठेवतात. ती वायर नसेल, तर जो पहिल्यांदा हात लावेल तो वायर होतो. माईकची जाळी अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली असते. पाळक, साक्ष देणारे, सगळे अनवाणी आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभे. वीज ओठातून शिरायची, तळपायातून जायची. रणभिसे सर तेवढे रबरी सोलचे बूट घालून यायचे.

मी पाळकांना आणि सरांना बोलावून हे सांगितलं. पाळक नुसते मीटरकडं बघत राहिले. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे माझ्यात दोष नव्हता?"

"नाही सर. बुटात रबर होतं."

"हे मंडळीला सांगितलं पाहिजे! लगेच सांगितलं पाहिजे! विज्ञान आहे शेवटी."

मी नवा प्लग बसवला. तरी टेस्टरचा दिवा लागायचा थांबेना. म्हणजे पिन आहे, पण बिल्डिंगलाच अर्थ नाही. मग मी अर्थिंगची पट्टी शोधत निघालो. मीटरबोर्डापासून भिंतीवरून खाली, खिडकीखालून बाहेर, अंगणात. तिथं ती अंगणाच्या नव्या फरशीपाशी कापलेली होती. आणि फरशीच्या पुढं, बरोबर अर्थिंगच्या खड्ड्यावर, महोत्सवाची संगमरवरी शिला उभी होती. तिच्यावर कमिटीची नावं सोनेरी अक्षरात. पहिलं नाव रणभिसे सरांचं.

"गवंड्यानं तोडली पट्टी," बापू म्हणाला. "सरच म्हणालते, शिलेपुढं ही गंजकी पट्टी बरी दिसत न्हाय."

"शिला हलवावी लागेल," मी म्हणालो.

सरांमधलं विज्ञान तिथं संपलं.

संध्याकाळी कमिटीची मीटिंग बोलावली. मी म्हणालो, अँप्लिफायर आजच दुकानात नेतो, आणि खड्डा नव्यानं करू. सर म्हणाले, पुढच्या रविवारी जागृती सभा आहे, नेसरीकडून एसटी ठरवून माणसं येतायत, ती काय बिनामाईकची सभा ऐकणार?

"सर, माणूस मरेल."

"मनोहर, तू भला माणूस आहेस, पण तुझा विश्वास कमी पडतो. देव जळत्या झुडपातून बोलला, तेव्हा मोशेनं फायर ब्रिगेडला बोलावलं होतं का?"

"ते झुडूप जळून खाक होत नव्हतं, सर. हा अँप्लिफायर होणार."

दुसरा एक मेंबर बराच वेळ विचार करत होता. तो शांतपणे म्हणाला, "मी काय म्हणतो, पूर्ण काढण्यापेक्षा थोडा ठेवता येईल का? म्हणजे अगदी जिवाला धोका नाही, पण जाणवेल इतपत?"

तो खरंच विचारत होता. तीस वर्षांच्या धंद्यात मला गिऱ्हाइकांनी पुष्कळ चमत्कारिक कामं सांगितली, पण इतक्या भाविकपणे कुणी शॉक मागितला नव्हता.

मी पाळकांकडं बघितलं. तेच काय ते बोलू शकले असते. ते टेबलावरच्या पुस्तकाची पानं सरळ करत म्हणाले, "एवढा रविवार होऊन जाऊ दे. मग बघू." ठराव झाला. वहीत लिहिला गेला. मी त्याच्यावर सही केली.

ही सही मला अजून डाचते. कात्रीनं एक केबल कापायला मला दोन सेकंद लागले असते. पण कमिटीचा ठराव होता, सर माझे शाळेतले हेडमास्तर होते, आणि विश्वास कमी असलेला माणूस म्हणवून घ्यायला मी तयार नव्हतो. फक्त बापूला बजावलं, की रविवारी फरशी पुसू नको आणि माईकपुढं रबरी चटई टाक.

रविवारी मी लवकर गेलो. फरशी ओली चकचकीत. चटई दाराबाहेर, पाय पुसायला.

"सर म्हणाले, पावणं येणार, स्वच्छता पायजे," बापू म्हणाला.

मी या खेपेला बाकावर बसलो नाही. मेन स्विचखाली भिंतीला टेकून उभा राहिलो. बायकोनं खुणेनं बोलावलं. मी खुणेनंच नको म्हणालो.

गाणी झाली. मग साक्षी सुरू झाल्या. दुसरं नाव रूथमावशीचं निघालं. मावशी सत्तरीच्या. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेला, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, हृदयाच्या गोळ्या चालू. अनवाणी, हळूहळू पुढं गेल्या. पायरी चढताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी वेदीपुढचा लोखंडी कठडा डाव्या हातानं धरला. कठड्याचे पाय जमिनीत पुरलेले होते. उजव्या हातानं माईक घेतला.

"प्रभूनं मला..." एवढं आलं आणि आवाज बंद.

मान ताठ झाली. सगळं अंग थडथडायला लागलं. मंडळी उठून उभी राहिली. "हालेलुया! हालेलुया!" नेसरीची माणसं टाळ्या वाजवत होती. मला फक्त मावशीची बोटं दिसली. ती माईकभोवती पांढरी पडली होती. विजेचा धक्का बसला की नेहमीच माणूस फेकला जात नाही. कधी हाताचे स्नायू आवळतात आणि सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही. हात चिकटतो.

मी मेन ओढला.

पंखे थांबले. माईक मेला. मावशी पायरीवर कोसळल्या. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत रणभिसे सर ओरडले, "कुणी बंद केला? सैतानाचं काम आहे हे!"

"माझं आहे," मी म्हणालो आणि पळत पुढं गेलो.

माझ्याआधी पाळक पोचले होते. त्यांनी मावशीचं डोकं मांडीवर घेतलं. नाडी होती. श्वास होता. बापूनं पाणी आणलं. मावशींनी डोळे उघडले आणि पाळकांना विचारलं, "प्रभू होता व्हय?"

पाळकांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाय मावशी," मी म्हणालो. "करंट होता."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगायचं की रं आधी, मुडद्या!"

इतकी नेमकी शिवी मला त्याआधी आणि नंतर कुणी दिली नाही. आम्ही त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं, घरी सोडलं. हाताच्या तळव्याला भाजल्याचा डाग राहिला.

सोमवारी सकाळी मी अंगणात गेलो तर पाळक आधीच तिथं होते, हातात पहार. सर शिलेपाशी उभे राहून म्हणत होते, की ठरावाशिवाय शिला हलवता येणार नाही.

"ठराव मागाहून लिहा, सर," पाळक म्हणाले आणि पहार घातली.

शिला निघताना तिला आडवा तडा गेला. तो तिसऱ्या आणि चौथ्या नावाच्या मधून गेला. सरांचं नाव शाबूत राहिलं, म्हणून ते जरा शांत झाले.

खाली खड्डा निघाला. अर्थिंगचा खड्डा म्हणजे तांब्याची पाटी खोल पुरायची आणि तिच्याभोवती मीठ आणि लोणारी कोळसा भरायचा. मीठ ओल धरून ठेवतं. ओलीतून वीज जमिनीत जाते. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालावं लागतं. इथं वर फरशी, त्यावर संगमरवर. पाणी कुठून जाणार? आत सगळं कोरडं ठणठणीत, राखेसारखं. मिठाचा तर पत्ताच नव्हता.

बापूनं मूठभर माती उचलून जिभेला लावली आणि थुंकली. "खारट न्हाय की."

पाळक खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. मीठ बेचव झालं तर ते पायदळी टाकतात, हे बायबलातलं वचन त्यांनी वर्षातून एकदा तरी आम्हाला ऐकवलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी बोध काढला नाही. पहार बाजूला ठेवून म्हणाले, "मनोहर, पंधरा वर्षं मी उभा राहून बोलतोय. लोक ऐकतात, घरी जातात. मला कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशी माईकला तोंड लावलं आणि वाटलं, देवानं आज माझी दखल घेतली. तू मीटर दाखवलास तेव्हाच मला कळलं होतं. पण ते हातातून सोडवेना."

हात असाही चिकटतो, हे माझ्या लायसन्सच्या पुस्तकात नव्हतं. मी त्यांना मिठाचं पोतं धरायला दिलं. नवी पाटी पुरली. मीठ, कोळसा, मीठ, कोळसा असे थर दिले. बापूनं बादल्या ओतल्या. मेन बोर्डावर ई.एल.सी.बी. बसवला. वीज कुठं झिरपली तर हा स्विच स्वतःच पडतो, कमिटीला विचारत नाही. अँप्लिफायर मी दुकानात नेला आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर रिवाइंड केला.

पुढच्या रविवारी पाळक माईकपुढं उभे राहिले. बाक भरलेले. शिरोळची ट्रॅक्स आलेली.

"चार रविवार मी ज्याला पवित्र आत्मा म्हणालो," ते म्हणाले, "तो मशीनमधला बिघाड होता. मनोहररावांना आधीच कळला होता. मला कळून घ्यायचा नव्हता. त्यामुळं रूथमावशी मरता मरता वाचल्या. मी मंडळीची आणि त्यांची क्षमा मागतो."

त्यांचा माईक धरलेला हात थरथरत होता. त्यात करंट नव्हता हे मी शपथेवर सांगतो. सकाळीच मीटर लावला होता.

कुणी आमेन म्हणालं नाही. मागून फक्त मावशीचा आवाज आला, "बरं, आता गाणं घ्या."

ट्रॅक्स पुन्हा आली नाही. महिन्याभरात बाक पूर्वीसारखे रिकामे झाले. थोडा करंट ठेवा म्हणणारा मेंबर दुसऱ्या चर्चला जायला लागला, आणि तिथं पहिल्याच रविवारी त्यानं स्टेजवरच्या वायरिंगची चौकशी केली असं कानावर आलं. शिला बाजूच्या भिंतीत बसवली. रणभिसे सर हल्ली सगळ्यांना सांगतात, की मला पहिल्यापासून संशय होता, कारण मला काही जाणवतच नव्हतं. खड्ड्याला पाणी कुणी घालायचं याचा ठराव कमिटीत तीनदा झाला. पाणी बापू घालतो. त्याचं नाव ठरावात नाही.

लोक विचारतात, या सगळ्यातून तुम्ही काय शिकलात? बोध काढणं माझं काम नाही, पण धंद्यातलं एक सांगतो. देवळात, चर्चमध्ये, घरी, कुठंही अंगातून थरथर गेली तर आधी वायरमनला बोलवा, मग पाळकाला. क्रम उलटा केलात, तर पाळकाला दोनदा यावं लागतं, दुसऱ्यांदा मातीला.