आमच्या मालकांचे तीन श्वास

आमचे मालक राजुरीच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला. नवनाथभाऊ आले म्हणलं की बायका आधी हंडे उचलायच्या, मग कान झाकायच्या. "भाऊ, आमच्या आळीला कमी आलं," असं कोणी म्हणायचा अवकाश, हे व्हॉल्वची चावी खांद्यावर टाकून तोंडाचा पट्टा सोडायचे. दुसऱ्या दिवशी त्या आळीला आणखी कमी यायचं.

दोन हजार आठला माझ्याच भावानं त्यांना दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला नेलं. दहा दिवस मौन! मला वाटलं, तिसऱ्या दिवशी भांडून घरी येतील. तर हा माणूस पुरे दहा दिवस ऱ्हायला आणि येताना एक खूळ घेऊन आला. काही बोलायच्या आधी डोळे मिटायचे, तीन श्वास घ्यायचे, मग तोंड उघडायचं.

गाव लई खूश. "काय शांत झाले हो भाऊ!" गावाचं काय जातंय, त्यांना नुसतं पाणी भरायचं व्हतं. मला संसार करायचा व्हता. आमटीत मीठ बरोबर हाय का विचारलं की डोळे बंद. श्वास तीनच, पण एकेक असा लांब की ताटातली भाकरी गार व्हायची. एकदा असेच डोळे उघडून म्हणले, "अंजना, तुझ्या हातावर भाजल्याचे किती डाग हायत गं." एकवीस वर्षं त्याच हातची भाकरी खाल्ली आणि डाग आज दिसले! मी म्हणलं, "नशीब माझं. एखाद्या दिवशी तोंडबी दिसंल." म्हणलं खरं, पण पुढची भाकरी थापताना डोळे भरले. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी आमची प्रज्ञा बारावीला चांगल्या मार्कानं पास झाली. अवसरीला नवं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं व्हतं, तिथल्या यादीत तिचं नाव लागलं. सोमवारी कागद घेऊन हजर व्हायचं, न्हाई तर जागा गेली. आणि नेमकं रविवारी डिंभ्याचे पावणे बैठकीला आले. मुलगा नोकरीला, लग्न लगेच पायजे, शिक्षण झालं तेवढं बास. पोरगी सकाळपासून माझ्या मागं, "आई, तू बोल ना पप्पांशी." मी काय बोलणार, कपाळ! आमच्याकडं बैठकीत बाया उंबऱ्याच्या आत बसतात. मीबी बसले, दातावर दात धरून.

मुलाचे मामा सोमाजी म्हणले, "मुलगी पसंत हाय. मोटारसायकल तेवढी द्या. बोला, भाऊ."

आता मुलीच्या बापानं लगेच हात जोडायचे, ही रीत. बाप गप बसला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी सलतंय असं समजतात. आमच्या मालकांनी डोळे मिटले.

एक श्वास झाला. सोमाजीमामा चुळबुळले. "बरं, मोटारसायकल ऱ्हाऊ द्या."

दुसरा झाला. "लग्न आमच्या दारात करू. मग तर झालं?"

तिसरा काही संपंना. मामांच्या कपाळाला घाम. "अवो भाऊ, तुमी म्हणाल तसं करू, पण बोला!"

असा सौदा आमच्या भावकीत कुणाला जमला न्हाई, आणि करणाऱ्याला पत्ताच न्हाई! सगळी बैठक चिडीचूप. आमच्या घरात एवढी शांतता कधी नव्हती, म्हणून कुणाला मधी बोलायला जागाच मिळाली नव्हती. प्रज्ञा माझ्याजवळनं उठली आणि उंबऱ्यात जाऊन म्हणली, "मला उद्या अवसरीला जायचंय. मला शिकायचंय."

"पोरगी बैठकीत बोलती?" मामा कडाडले.

मालकांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता पट्टा सुटतोय. पण ते आत माझ्याकडं बघून म्हणले, "अंजना, तुझं काय म्हणणं हाय?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा! मला चौथीतनं काढलं तेव्हा न्हाई, लग्न ठरलं तेव्हा न्हाई, कधी म्हणून कुणी विचारलं नव्हतं. एरवी माझं तोंड चुरूचुरू चालतं, त्या वक्ताला शब्द फुटंना. तर हे मास्तरासारखं म्हणतात कसं, "घाई न्हाई. आधी तीन श्वास घे."

माझं डोकंच फिरलं. "श्वास? बावीस वर्षं श्वासच घेतीय मी! तिला शिकू द्या!"

पावणे चहा न घेताच उठले. जाताना मामा म्हणले, "ह्या घरात बाईचं चालतंय." ते खरं असतं तर मला चाललंच असतं.

सोमवारी पहिल्या एसटीनं आमी तिघं अवसरीला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पालकाची सही मागितली. ह्यांनी पेन माझ्या हातात दिला. 'अंजना' एवढं लिहायला मला इतका वेळ लागला की मागची रांग ओरडायला लागली.

ओरडंना का!