इमान पास

आयुष्यात माझा सत्कार एकदाच झाला, आणि तोही न पडलेल्या पावसाबद्दल.

त्या वर्षी मी औरंगाबादला विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होतो. ढगांत औषधाचा धूर सोडून पाऊस पाडणारं एक विमान तिथं तपासणीला आलेलं. माझं काम एवढंच, तपासणी-यंत्राच्या केबली विमानाला जोडायच्या, बटण दाबायचं आणि खुर्चीत बसायचं. पुढं यंत्र आपलं आपण एकेका तारेत वीज सोडून बघतं. पंखाच्या पट्ट्या हलतात का, पंखाखालची औषधाची नळकांडी पेटवायचा हुकूम तिथवर पोचतो का, सगळं तेच बघतं. पोचला की हिरवा दिवा आणि पडद्यावर ‘पास’. उजव्या पंखाची केबल डाव्याला खुपसायची नाही, एवढीच काय ती अक्कल लागायची. मी तशीही एकदा खुपसली होती, पण ते शेडमध्येच राहिलं.

गावाकडं, शिरूर कासार तालुक्यात, मी इंजिनियर होतो. सुट्टीवर गेलो तेव्हा पहिली पेरणी जळून गेलती. दादाच्या कणगीत घरच्या बाजरीचं शेवटचं बियाणं उरलेलं. ते पावसाच्या भरवशावर कोरड्या धुळीत पेरायचं की राखायचं, यावर त्याचं अडलं होतं. पीक आलं तर तो आणि वहिनी त्या साली ऊसतोडीला जाणार नव्हते. वहिनीनं तर कोयता माळ्यावर टाकूनही दिला होता.

त्यातच गावच्या सोसायटीची वार्षिक सभा आली. आमच्या सभेची रीत अशी, की सचिव भरभर वाचतो, चेअरमन विचारतात, “पास का?” आणि चिवड्याच्या पुड्यांवर नजर ठेवून सगळी सभा म्हणते, “पास, पास.” त्या दिवशी चेअरमननी मला उभं केलं. आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात.

“इंजिनियरसाहेब, पावसाचं इमान तुमीच तपासलं म्हणं. कसं हाय?”

मी घसा खाकरला. “यंत्रानं पास केलंय. एकही लाल दिवा नाही.”

“ऐकलं का? इमान पास हाय. मंग धूळपेरणीचा ठराव पास का?”

“पास, पास.”

शाल आली, नारळ आला. ढग तपासायचं यंत्र अजून निघालेलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण गळ्यात शाल पडल्यावर आवाज कसा बसतो, ते ज्याच्या गळ्यात पडते त्यालाच ठाऊक.

दादा घरी आला आणि त्यानं कणगी झाडून घेतली. पेरायला पाभर धरली तेव्हा धूळ एवढी उडाली, की बैल दिसेनात.

विमान आलं. खरंच आलं, आमच्या शिवारावरून दोन घिरट्या घालून गेलं. नळकांडी एकूण एक पेटली, यंत्र खोटं बोललं नव्हतं. वर ढग म्हणून जे होतं त्यात पाणीच नव्हतं. खाली बाजरी मुंग्यांनी वेचली, राहिलेली कबुतरांनी.

दादा बांधावर बसलेला. मी त्याला समजवायला गेलो, ही माझी खोडच आहे. म्हटलं, “दादा, शेडमध्ये खरी नळकांडी पेटवत नाहीत, शेड पेटंल. त्यांच्या जागी बल्ब लावतात. बल्ब लागला की पास.”

दादानं हातातलं ढेकूळ फोडलं. “म्हंजे बल्बावर इमान पास केलंस व्हय? आन् हे मला आत्ता काहून सांगतोस?”

दसऱ्याला मी पुन्हा गावी गेलो. सण झाला आणि ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. वहिनीनं माळ्यावरून कोयता काढला, धार लावली. मी चूल, पत्रे, गोधड्या चढवू लागलो, तेवढीच मदत. ट्रकात बसल्यावर ती वरून म्हणाली, “भावजी, ह्या टरकाचं बिरेक तेवढं बघा की. का यंत्र न्हाई आणलं?”

सगळी टोळी हसली. आणि मी, गाढव, खरंच खाली वाकून बघू लागलो. चिखल नव्हताच त्या वर्षी, नुसती धूळ होती. काय बघतोय ते मलाही कळत नव्हतं. डोकं बाहेर काढलं तर सगळे माझ्याकडंच बघत होते.

“पास का?” दादानं ट्रकातून विचारलं.

मी काही बोलायच्या आत टोळी सभेतल्यासारखी एका सुरात म्हणाली, “पास, पास,” आणि ट्रक हलला.